पगडीचं दुसरं टोक

"धरा मामा, ताणून धरा," असं म्हणत तेगबीरने पगडीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन हॉटेलच्या खोलीत पार खिडकीपाशी गेला.

पगडी बांधायच्या आधी ते लांबच्या लांब कापड दोघांनी दोन टोकांना धरून ताणायचं, झटकायचं आणि लांबीत घड्या घालायच्या. त्याला आमच्यात पूणी म्हणतात. एकट्याला ती धड जमत नाही. ज्या थंडगार गावात माझा हा भाचा बर्फावरची हॉकी खेळून पोट भरत होता तिथं दुसरा शीख औषधालाही नव्हता, म्हणून पठ्ठ्या एक टोक दाराच्या मुठीला बांधायचा. मला फोनवर सांगायचा, "दाराची मूठ बरी मामा, तुमच्यासारखी बडबड करत नाही."

बडबड करतो मी, नाही कुठं म्हणतो? ईश्वरसिंग माझं नाव. जन्म नांदेडचा, गुरुद्वाराच्या मागच्या गल्लीतला. शाळा मराठी, शिव्या मराठी, आणि ट्रक मात्र चालवला कॅनडात. आमच्या घरात आजही मराठीच चालते. पंजाबी बोलायला तोंड उघडलं की ब्रॅम्प्टनच्या गुरुद्वारातल्या बाया ओढणी तोंडाला लावून हसतात. हसू देत. खरं ते तोंडावर बोलतो म्हणून घरात मला फटकळ म्हणतात. माझी ताई, तेगूची आई, सांगायची, "ईश्वरला विचारायचं असलं तर रडायची तयारी ठेवून विचारा." ताई गेली तेव्हा पोरगा शाळेत होता. त्यानंतर त्याला दोघंच, त्याचा बाप आणि मी.

आणि त्या दिवशी काय, तर पोराला वरून बोलावणं आलं होतं. आता हे वर-खाली समजून घ्या. बर्फावरच्या हॉकीत एक मोठी लीग असते. स्टेडियम, कॅमेरे, पैसा, सगळं तिथं. तिच्या खाली लहान लीग. तिथं पोरं बसमध्ये झोपतात, दात पाडून घेतात आणि वरून फोन कधी येतो याची वाट बघतात. तेगूने ती वाट बघत बरीच वर्षं काढली. वरच्या टीमचा एकजण जखमी झाला आणि फोन आला. संध्याकाळी मॅच होती. मी माल मधेच सोडून, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून, रातोरात तिथं पोचलो. त्या शहराचं नाव मी घेत नाही, घेतलं की माझं डोकं फिरतं.

"सुटातच जावं लागतं का रे?" मी विचारलं.

"हाव. दारातच कॅमेरे असतात. सगळे सूट घालून येतात. मी सूट आणि पगडी. खेळताना आत पटका." पटका म्हणजे डोक्यावर घट्ट बसणारं छोटं कापड, हेल्मेटच्या खाली तेच मावतं. "आणि मामा, ते पहिल्या फेऱ्याचं माहीतंय ना?"

"दाजींनी वीसदा सांगितलंय."

दाजी म्हणजे त्याचा बाप. त्या फेऱ्याची गंमत अशी, की पहिल्यांदा वर खेळणाऱ्याला मॅचआधी बर्फावर एकट्यालाच सोडतात. बाकीचे "चल, चल" करत त्याला पुढं काढतात आणि स्वतः दारातच थांबतात. पोरगं बिनहेल्मेटचं, एकटं, अख्ख्या स्टेडियमसमोर एक फेरा मारतं. ही त्यांची रीत. दाजींनी त्या एका फेऱ्यासाठी आयुष्य लावलं होतं म्हणा ना. पोरगा लहान असताना रिंकवरचे, म्हणजे बर्फाच्या मैदानावरचे, गोरे आईबाप त्याच्या डोक्यावरच्या केसांच्या जुड्याकडे बघायचे आणि हेल्मेट विकणारा म्हणायचा की केस कापा नाहीतर बसणार नाही. दाजींनी केस कापले नाहीत. जुडा जरा खाली, मागं बांधायला शिकवलं आणि रोज पहाटे टॅक्सी बाजूला लावून पोराला रिंकवर नेलं. आता तो पटका घालून एकटा फिरणार आणि सगळे बघणार. दाजी सकाळपासून लॉबीतच होते, ओळख नसलेल्या माणसांना सांगत सुटले होते.

पूणी झाली. तेगू आरशासमोर उभा राहिला, टोक दातात धरलं आणि फेरे घ्यायला लागला. मी पलंगावर बसून चहा पीत बघत होतो. त्याची पहिली पगडी मीच बांधली होती, नांदेडला, गुरुद्वारात. तो मान आमच्यात मामाचा. इवलंसं तोंड त्याचं, आणि वर एवढी मोठी निळी पगडी. ताई हसता हसता रडली होती.

पहिले दोन फेरे बरोबर गेले. तिसरा उजवीकडून वर यायला पाहिजे तो खालून गेला.

"अरे, काय करायलास? नवरदेव आहेस का घाबरायला?"

तो दातातलं टोक न सोडता हसला. सगळं सोडलं. परत सुरू केलं. परत दोन फेरे, आणि तिसऱ्याला हात थांबला. हवेतच. आरशात बघत उभा. कापड कुठून कुठं न्यायचं ते शोधत होता.

"बस खाली. पाणी पी. मॅचच्या दिवशी असं होतंच," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले. म्हटलं शहाणं आहे पोरगं, हाताला करू देतंय. हे हातानेच करायचं काम. मी ट्रकच्या केबिनमध्ये बिनआरशाची बांधतो, झोपेत बांधेन. डोळे मिटून त्याने फेरा घेतला, तो कानावरून, डोळ्यावरून, कसाही. मग तो थांबला, दातातलं टोक खाली पडलं, आणि आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातातला चहा मी टेबलावर ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"तेग्या, मला बनवू नको."

तो पलंगाच्या कडेवर बसला. कापड मांडीवर गोळा झालं होतं. "त्या मॅचनंतर. तिकडे गावात. एकाने मला कठड्यावर आपटलं, खांदा इथं लागला." त्याने कानामागं बोट लावलं. "मग थोडे दिवस गरगरायचं. आता नाही. आता फक्त... हे. आणि उजेड. रोज पटकाच बांधत होतो मामा, तो जमतो. मार लागल्यापासून पगडी आज पहिल्यांदाच बाहेर काढली."

"आणि डॉक्टर? तपासत नाहीत का रे ते?"

"तपासतात की. कॉम्प्युटरवर परीक्षा असते. शब्द दाखवतात, आकडे, खुणा, मग ते आठवायचे, पटापट बटन दाबायचं. मी पास झालो."

"पगडी विसरलेला माणूस पास कसा होतो?"

तेव्हा त्याने सांगितलं. सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांची हीच परीक्षा घेतात, धडधाकट असताना. पुढं डोक्याला मार लागला की परत घेतात आणि आधीच्या मार्कांशी ताडून बघतात. आणि पोरं काय करतात, तर पहिली परीक्षा मुद्दाम वाईट देतात! जुने खेळाडू नव्यांना शिकवतातच, की ऑगस्टमध्ये ढ व्हा, म्हणजे जानेवारीत मार खाऊनही तेवढेच मार्क पडतील.

"सगळेच करतात, मामा."

"सगळे विहिरीत उडी मारतील, तू मारशील?"

"मारीन," तो म्हणाला. "विहिरीत नाही. बर्फावर मारीन. आज नाही खेळलो तर परत बोलावत नाहीत. माझं वय झालं मामा, खालच्या लीगमध्ये पोरं एकोणीस-वीसची आहेत. हाच एक फोन होता." मग पगडीचं टोक त्याने माझ्यापुढं धरलं. "तुम्ही बांधा ना. पहिली तुम्हीच बांधली होती."

जीव तुटला माझा. पण मी हात मागं घेतला. "नाही बांधणार. तुझ्या आईची शपथ, नाही बांधणार. मी बांधली तर तू त्या दारातून जाशील."

तेवढ्यात दार वाजलं आणि दाजी आत आले. हातात सँडविच, नवाकोरा कोट, चेहऱ्यावर दिवाळी. "हे काय, अजून तयार नाही? गाडी खाली उभी आहे." त्यांनी कापडाकडे बघितलं, पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही विचारलं नाही. सँडविच ठेवलं, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "बस समोर. आज पप्पा बांधतात."

आणि बांधली त्यांनी. अशी देखणी की काय सांगू. एकेक फेरा बोटाने सारखा करत, पगडीच्या बारीक सळईने कडा आत घालत. पोरगं डोळे मिटून बसलं होतं.

लिफ्टमध्ये तेगू फोनवर टीमच्या माणसाशी बोलत पुढं उभा होता. खाली पोचल्यावर मी दाजींचा कोट धरून त्यांना खांबाआड ओढलं.

"दाजी, पोराला पगडी बांधता येईना. तीनदा केली. त्याच्या डोक्याला मार आहे, तो लपवायलाय. खेळू देऊ नका."

दाजी आपला कोट सोडवून घेत म्हणाले, "मला दिसलं नाही असं वाटतं का तुला?"

"म्हणजे?" मी म्हणालो.

"दिसलं, ईश्वर. दारातूनच दिसलं." त्यांचा आवाज घसरला. "एक रात्र. एकच रात्र खेळू दे. तो एक फेरा मारू दे त्याला. उद्यापासून घरी बसव, मीच बसवतो, हातपाय बांधून बसवतो. पण आज मला अडवू नको. मी तुझ्या पाया पडतो."

"माझ्या कामून पाया पडता? पोराच्या डोक्याच्या पडा!"

लोक बघायला लागले. दाजी गाडीत जाऊन बसले.

मी काय गप्प बसणार होतो? स्टेडियममध्ये घरच्या माणसांना आत जायचा पास दिला होता. तिथल्या बोळातच मी टीमच्या डॉक्टरला गाठलं. माणूस वाईट नव्हता हो, अगदी अदबीने उभा राहिला. माझ्या ट्रकवाल्या इंग्रजीत मी सांगितलं, की माझ्या भाच्याला आज पगडी बांधता आली नाही.

त्याने डोकं हलवलं, हसला. म्हणाला, "पहिला दिवस आहे, काका. माझ्या लग्नात मला टाय बांधता आला नव्हता."

"टाय नाही! तुम्ही बुटाची नाडी विसराल का? हातच विसरला त्याचा!"

तरी त्याने तेगूला बोलावलं. समोर उभं करून विचारलं, डोकं दुखतं का, उजेडाचा त्रास होतो का, गरगरतं का. तेगू ताठ उभा होता, बापाने बांधलेली पगडी डोक्यावर. "नाही, सर. एकदम फिट." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाला की परीक्षा कालच परत घेतली आहे, मार्क बरोबर आहेत. मी म्हणालो, ती परीक्षा खोटी आहे. डॉक्टरने तेगूकडे बघितलं. तेगूने खांदे उडवले. आणि दाजींनी पुढं होऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि इंग्रजीत हसत म्हणाले, "माझा मेहुणा जरा हळवा आहे. रात्रभर गाडी चालवून आलाय."

झालं. हळवा म्हातारा झालो मी. त्यांच्या मशीनला शब्द कळत होते, आकडे कळत होते. पगडी कळणारी त्या बोळात आम्ही तिघंच होतो, आणि त्यातले दोघं खोटं बोलत होते.

मी निघून जाणार होतो. पण पाय निघेना. जाऊन दाजींच्या शेजारी बसलो.

संध्याकाळी ते बोळाचं दार उघडलं आणि तेगू एकटा बर्फावर आला. केशरी पटका. मागं सगळी टीम दारात थांबून काठ्या आपटत होती. काय सुंदर फिरला हो पोरगा! वळणावर असा कलला की हात बर्फाला लागेल. वरच्या मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि कुठूनतरी 'बोले सो निहाल'चा जयघोष ऐकू आला. ब्रॅम्प्टनहून बस भरून माणसं आली होती म्हणे. दाजी उभे राहिले. टाळ्या नाही, काही नाही, नुसते उभे, आणि दाढीतून पाणी वाहत होतं. खोटं कशाला बोलू, मीही रडलो. शिव्या देत देत रडलो.

मॅच सुरू झाली. तेगू बरा खेळला, बऱ्यापैकी बरा. मला वाटायला लागलं की आपणच मूर्ख. मधल्या डावात त्याला मोकळी जागा मिळाली, गोलकीपर एका बाजूला सरकलेला, आणि त्याने काठी मागं नेऊन ती काळी चकती अशी हाणली की दिसलीच नाही. गोलच्या खांबाला लागली. टण्ण! अख्खं स्टेडियम उठलं आणि कपाळाला हात लावून खाली बसलं. दाजी माझा दंड दाबत ओरडले, "बघितलंस? बघितलंस?"

शेवटच्या डावात ते झालं. मोठा मार नव्हता. कठड्यापाशी दोघं चकतीसाठी खेटले, एकाचा खांदा लागला, रोज पन्नासदा होतं तेवढंच. तेगू गुडघ्यावर गेला, लगेच उठला. पंचाने शिट्टीपण मारली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. तेगू बदली व्हायला म्हणून बाकाकडे निघाला. आरामात, मान खाली घालून.

समोरच्या टीमच्या बाकाकडे.

त्यांच्या कठड्याचं दार तो उघडायला लागला. त्यांची पोरं बघत राहिली. एकाने हसून त्याला ढकललं. त्याने परत दाराला हात घातला. लोक हसायला लागले. सगळीकडून हसू. मोठ्या पडद्यावर ते दाखवत होते, केशरी पटक्याची कड, आणि त्या खालचे ते डोळे. कुणाच्या घरी आलोय हे न कळलेले.

दाजी टाळ्या वाजवत होते. ते कितीतरी वेळ वाजवतच होते. मग त्यांचे हात थांबले.

त्यानंतर तो कधी खेळला नाही. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, अंधाऱ्या खोल्या झाल्या. टीमच्या कंपनीने काय द्यायचं ते दिलं आणि हात झटकले. पोरगा ब्रॅम्प्टनला बापाच्या घरी आला तो तिथंच राहिला. घरात जाड पडदे. फोनचा, टीव्हीचा उजेड चालत नाही, बघितला की दोन दिवस उलट्या. मोठा आवाज चालत नाही. नोकरी दोनदा धरली, सुटली. लग्न ठरलं होतं, त्या मुलीला त्याने स्वतःच नकार दिला. आणि ती अख्खी रात्र त्याच्या डोक्यातून पुसून गेली. हॉटेल आठवतं, बापाने पगडी बांधलेली आठवते. पुढचं काहीच नाही. फेरा नाही, मॅच नाही. ज्याच्यासाठी सगळं घालवलं तेच त्याच्याकडे नाही.

म्हणून दाजी सांगतात. रोज सकाळी पगडी बांधता बांधता त्याला ती रात्र सांगतात. मी एकदा बाहेरून ऐकलं. फेरा सांगितला, बोले सो निहाल सांगितलं, आणि मग म्हणाले, "आणि मधल्या डावात तू गोल केलास." मी दारातच थांबलो. पुढं कधी काही बोललो नाही. त्या दिवसापासून त्या माणसावर ओरडायला माझं तोंडच उघडत नाही.

मागच्या महिन्यात दाजी दवाखान्यात होते, मोतीबिंदूसाठी. पगडी बांधायला मी गेलो. पडदे लावलेले, छोटा दिवा. तेगूच्या दाढीत आता पांढरं आलंय. पूणी करायला त्याने टोक धरलं, तेवढं त्याला छान येतं. मग तो खुर्चीत बसला आणि मी मागं उभा राहिलो. इतक्या वर्षांनी.

"मामा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही होतात ना तिथं?"

"होतो की."

"मी गोल केला होता?"

माझे हात थांबले. आरशात त्याचे डोळे माझ्यावर होते. मी आयुष्यभर तोंड सांभाळलं नाही, राजा असो की रंक. पण त्या अंधारात बसलेल्या पोराला काय सांगू?

"केलास. असा केलास की लोक उभे राहिले."

मी फेरा घेतला.

"तुम्हीपण, मामा," तो म्हणाला.

"काय मीपण?"

"आमच्या टीममधला एकजण फोन करतो कधीकधी. गोल झाला नव्हता, हे त्याने केव्हाच सांगितलंय. पप्पांना मी बोलत नाही, सांगताना त्यांना बरं वाटतं. पण म्हटलं, मामाला विचारू. मामा एकटा आहे, खरं सांगणारा."

त्या दिवशी मी कंठशोष करून खरं सांगितलं तेव्हा कुणाला नको होतं. आणि आज एकाला पाहिजे होतं, तर माझ्याजवळ नव्हतं.

"खांबाला लागली, लेकरा," मी म्हणालो. "गोल नाही झाला. खांबाला लागली."

"जोरात?"

"खूप जोरात."

"आवाज आला?"

"वरपर्यंत आला. आम्ही पार वर बसलो होतो."

त्याने डोळे मिटले. ताटलीवर चमचा पडला तरी डोकं धरून बसणारा तो.

"कसा आला, मामा? परत सांगा."

पगडीचं टोक माझ्या मुठीत होतं. मी वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, त्याला लागणार नाही असं म्हणालो, "टण्ण."